स्पितीची फेरी : चढायचे कुठून, उतरायचे कुठून?

मुंबई-पुण्यातील दुचाकीस्वारांच्या नकाशावर लडाखच्या जोडीला आता हिमाचल प्रदेशातील स्पितीने जागा पटकावली आहे. पूर्वी अशा सहली चार-सहा तरुण मित्रांच्या असत. अलीकडे त्यात कुटुंबेही सामील होऊ लागली आहेत. सहा-सात मोटारसायकली, त्यांतील काहींच्या मागच्या सीटवर पत्नी किंवा महाविद्यालयात जाणारी मुलगी, आणि सोबतच्या मोटारीत आई-वडील, लहान मुले व सर्वांचे सामान, असा हा काफिला असतो. आखणी सुरू झाली की चर्चा रंगते ती गाडी किती सीसीची असावी आणि जॅकेट कोणते घ्यावे यावर. शिमल्याकडून चढायचे की मनालीकडून, हा प्रश्न मात्र विमानाच्या तिकिटांच्या किंवा हॉटेलच्या आरक्षणाच्या ओघात परस्पर निकाली निघतो. प्रत्यक्षात काफिल्यातील सर्वांत अशक्त व्यक्तीची प्रकृती तिसऱ्या रात्री कशी असेल, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

हिमाचल प्रदेशात पाच राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांतील दोन या एका फेरीत जोडता येतात. एक, स्पितीच्या थंड वाळवंटातील पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान. दुसरे, कुल्लू जिल्ह्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान. पहिले उघडेबोडके, करड्या-तांबूस डोंगरांचे. दुसरे देवदार आणि ओकच्या गर्द रानाचे. दोहोंमध्ये उभ्या असलेल्या हिमशिखरांच्या रांगेमुळे पावसाळी ढग अलीकडेच अडतात आणि पलीकडे जेमतेम पाऊस पडतो. पिन-पार्वती खिंडीतून पायी जाणारे गिर्यारोहक ही रांग थेट ओलांडतात. दुचाकीस्वाराला मात्र तिला मोठा वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशालाच स्पितीची फेरी म्हणतात.

स्पितीत शिरण्याची दोन दारे आहेत. शिमल्याहून सतलज नदीच्या काठाने, किन्नौर जिल्ह्यातून काझाला जाणारा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास भरतो. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून काझा गाठायचे तर अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. कागदावर दुसरा रस्ता निम्मा आहे, मनालीत हॉटेले भरपूर आहेत आणि भाड्याच्या मोटारसायकलीही मुबलक मिळतात. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीसाठी खुला झाला. ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत जाणारा वेळ त्यामुळे वाचतो. साहजिकच, ‘सकाळी मनालीहून निघू आणि रात्री काझाला किंवा चंद्रतालला पोहोचू’ असा बेत पुष्कळजण करतात.

या बेतातील गोम उंचीच्या आकड्यांत दडलेली आहे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर आहे, कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर, काझा सुमारे ३,७०० आणि चंद्रताल सुमारे ४,३०० मीटरवर. म्हणजे चंद्रतालजवळ तंबूत मुक्काम करणारा माणूस एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर जाऊन झोपतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे मनालीच्या बाजारपेठेपेक्षाही कमी. सह्याद्रीतील घाटवाटा भर पावसात लीलया पार करणाऱ्या माणसाच्या शरीरालाही या उंचीचा काही पूर्वानुभव नसतो.

विरळ हवेचे गणित

उंचावर ‘ऑक्सिजन कमी असतो’ असे सर्रास म्हटले जाते. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. काझाला तो समुद्रसपाटीच्या साधारण ६४ टक्के उरतो, तर कुंझुमवर ५७ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत जाणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात घटतो. शरीर यावर उपाय शोधते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने साधू लागतात. या जुळवाजुळवीला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी, असे पर्वतीय वैद्यकातील तज्ज्ञ सुचवतात ते याचसाठी. येथे हिशेब झोपण्याच्या जागेचा आहे. दिवसा एखादी खिंड ओलांडून पुन्हा खाली येणे त्यामानाने सोपे जाते. त्या उंचीवर रात्र काढणे अवघड.

घाई केली तर आधी डोके दुखते. मग मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर, झोप न लागणे. दुचाकीच्या सहलीत ही लक्षणे ओळखणे अवघड असते, कारण दिवसभर हेल्मेट घालून, धूळ खात, पुरेसे पाणी न पिता गाडी चालवल्यावर डोके तसेही दुखतेच. ‘ऊन लागले असेल’, ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून गोळी घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी काफिला आणखी वर चढतो. खरा धोका यापुढचा आहे. फुप्फुसांत पाणी साठू लागले की बसल्या जागी धाप लागते आणि खोकला थांबत नाही. मेंदूला सूज आली की माणूस असंबद्ध बोलतो आणि सरळ रेषेत चालू शकत नाही. या दोन्ही अवस्थांत काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. त्यावर भरवशाचा इलाज एकच, तो म्हणजे तातडीने खाली उतरणे. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटेच पुरतात. त्यांच्या भरवशावर रात्र काढणे हा जुगार आहे. अॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराच्या जुळवाजुळवीला मदत करते, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि बहुधा चढाईच्या आदल्या दिवसापासूनच घ्यायचे असते. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोललेले बरे. थंडी घालवण्यासाठी मद्य आणि झोप लागावी म्हणून झोपेची गोळी, हे दोन घरगुती उपाय तर येथे घातकच. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

किन्नौरच्या रस्त्याची लांबी येथे उपयोगी पडते. पहिला मुक्काम शिमला किंवा नारकंडा, दुसरा सराहन, तिसरा सुमारे २,९०० मीटरवरील कल्पा. किन्नर कैलासाच्या समोर वसलेल्या या गावात दोन रात्री काढणे हा या फेरीतील सर्वांत शहाणपणाचा खर्च. पुढे खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते, तेथून रस्ता नाकोकडे चढतो. नाको सुमारे ३,६६० मीटरवर आहे. तेथील तळ्याकाठी जेवण उरकून, मुक्कामाला ३,२८० मीटरवरील ताबोपर्यंत उतरणे अधिक चांगले. ताबोचा मातीचा बौद्ध मठ इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला. आतील भित्तिचित्रे पाहायला अर्धा दिवसही कमी पडतो, आणि तो अर्धा दिवस शरीरालाही मिळतो. ताबोहून काझा अवघे ४७ किलोमीटर. या क्रमाने गेल्यास सहाव्या-सातव्या रात्री माणूस ३,७०० मीटरवर झोपतो आणि बहुतेकांना किरकोळ डोकेदुखीपलीकडे काही जाणवत नाही.

अर्थात, किन्नौरचा रस्ता निर्धोक आहे असे नव्हे. तेथील धोका निराळा आहे. सतलजच्या खोऱ्यातील उभे, ठिसूळ कडे पावसाळ्यात कोसळतात. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरडीचे दगड पर्यटकांच्या वाहनावर कोसळून नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ११ ऑगस्टला निगुलसरी येथे राज्य परिवहनची बस आणि इतर वाहने दरडीखाली गाडली गेली आणि २८ जण प्राणास मुकले. स्पिती पर्जन्यछायेत असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये तेथे जाता येते असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण स्पितीत पोहोचण्याचे रस्ते पर्जन्यछायेत नाहीत.

सुट्टी आणि खिंड

मग जायचे केव्हा? मराठी कुटुंबांची अडचण येथे सुरू होते. शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मेची, आणि कुंझुम खिंड मेमध्ये बहुतेकदा बर्फाखालीच असते. सीमा सडक संघटनेने बर्फ हटवल्यावर ती साधारण जूनमध्ये खुली होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात पुन्हा बंद होते. तेव्हा मेच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी फेरी पूर्ण होणारच, असे गृहीत धरून मनालीची हॉटेले आरक्षित करू नयेत. किन्नौरमार्गे जाऊन त्याच मार्गाने परतणे, हाच त्यांचा बेत असायला हवा. दिवाळीच्या सुट्टीत खिंड कदाचित खुली असेल, पण काझात रात्रीचे तापमान शून्याखाली गेलेले असते आणि पहाटे मोटारसायकल सुरू करणे हेच एक काम होऊन बसते. सर्वांत उत्तम काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. आकाश निरभ्र, नाल्यांचे पाणी ओसरलेले. आपल्याकडे तो साधारण पितृपंधरवड्याचा आणि सहामाही परीक्षेच्या तयारीचा काळ, त्यामुळे कुटुंबासह निघणे जमत नाही ते नाहीच.

त्या काळातही हवामानाची हमी कोणी देत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौल-स्पितीत अवेळी जोरदार बर्फ पडून शेकडो पर्यटक अडकले आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावे लागले. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे भर उन्हाळी हंगामात, चंद्रतालच्या तंबूंत अडीचशेहून अधिक पर्यटक बर्फामुळे अडकून पडले आणि रस्ता मोकळा करून त्यांना बाहेर काढण्यास काही दिवस लागले. परतीचे विमान आणि काझा यांच्यामध्ये किमान दोन मोकळे दिवस ठेवणे, ही चैन नव्हे.

लहान मुलांना मोटारसायकलवर न्यावे का, हा प्रश्न अनेक पालक विचारतात. मोटार वाहन कायद्यानुसार दुचाकीवर चालकामागे एकाच व्यक्तीला बसता येते. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी त्याहून लहान मुलांसाठी सुरक्षा पट्टा आणि त्यांच्या मापाचे हेल्मेट आवश्यक ठरवले व वेग ताशी ४० किलोमीटरपुरता मर्यादित केला. कायद्याची चौकट ही अशी आहे. व्यवहार मात्र वेगळे सांगतो. धुळीच्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर आठ-आठ तास मूल दुचाकीवर बसवणे योग्य नाही. त्याची जागा मोटारीत. तेथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लहान मुलाला ‘डोके दुखते’ असे नेमके सांगता येत नाही. खेळणे थांबवून ते गप्प बसले, खाईनासे झाले, विनाकारण किरकिरू लागले, तर अन्य कारण सापडेपर्यंत तो उंचीचा त्रास समजावा.

परदेशी पारपत्र असलेल्या नातेवाइकांसाठी आणखी एक मुद्दा आहे. अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेली भावंडे सुट्टीत अशा सहलीला येतात. भारतीय नागरिकांना किन्नौर-स्पितीसाठी परवाना लागत नाही. परदेशी पारपत्रधारकांना मात्र किन्नौर आणि ताबो यांमधील सीमावर्ती पट्ट्यासाठी संरक्षित क्षेत्राचा परवाना घ्यावा लागतो. नाव मराठी असले तरी पारपत्र कोणत्या देशाचे, हेच चौकीवर पाहिले जाते.

मोटारसायकललाही विरळ हवेचा जाच होतोच. इंजिनाला कमी हवा मिळाली की दर हजार मीटरला ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, अशी अवस्था होऊन इंजिन गुदमरते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर आलेल्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असल्याने हा त्रास बराच कमी झाला आहे. पण घटलेली ताकद त्यांनाही परत मिळत नाही. दोन माणसे आणि दोन्ही बाजूंना सामान लादलेली गाडी चढावर अर्ध्या क्लचवर रेटली की क्लच प्लेट जळतात, आणि त्या बदलून देणारा मेकॅनिक काझाखेरीज सहजी भेटत नाही. जड सामान मोटारीत टाकावे, हा उपाय साधा आहे. पेट्रोल रेकाँग पिओ परिसरात भरून घ्यावे, नंतर काझात. काझाहून मनालीच्या बाजूला निघताना टाकी काठोकाठ भरलेली हवी, कारण मधल्या दोनशे किलोमीटरच्या बहुतांश भागात पंप नाही आणि मोठ्या टप्प्यावर मोबाइलला रेंजही मिळत नाही.

पिनचे खोरे

काझाच्या अलीकडे अट्टरगू येथे पूल ओलांडून रस्ता पिन नदीच्या काठाने आत वळतो. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र ६७५ चौरस किलोमीटर आहे आणि उंची साडेतीन हजारांपासून सहा हजार मीटरच्या वर जाते. मोटारसायकल मुध या गावापर्यंत पोहोचते. मुध आणि वाटेतील गावे उद्यानाच्या गाभ्याबाहेर आहेत. पुढच्या पाऊलवाटा भाबा आणि पिन-पार्वती खिंडींकडे जातात. कुंगरीचा जुना मठ, वाटाण्याची हिरवी शेते, चामुर्थी जातीचे काटक घोडे आणि समोरच्या उतारांवर मातीचे जांभळट पट्टे, असे हे खोरे आहे. बहुतेक काफिले येथे दुपारी येतात, मुधमध्ये चहा घेतात आणि संध्याकाळी काझाला परततात. त्यांना प्राणी दिसत नाहीत, आणि ‘उद्यानात काहीच नाही’ असा शेरा मारला जातो.

प्राणी असतात, पण ते मोटारसायकलची वाट पाहत थांबत नाहीत. आयबेक्स हे मागे वळलेल्या लांब शिंगांचे रानबोकड उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जातात. पहाटे आणि सांजवेळी, गाडी बंद करून, दुर्बिणीने उतार धुंडाळल्यास ते दिसण्याची शक्यता असते. हिमबिबट्या दिसणे मात्र बहुधा हिवाळ्यातलेच भाग्य. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या पद्धतशीर गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज मांडण्यात आला. त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये, तर ५१ हिमाचलमध्ये. पिन व्हॅली, किब्बर अभयारण्य आणि चंद्रताल यांचा समावेश असलेल्या शीत वाळवंट जीवावरण क्षेत्राला सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात स्थान मिळाले.

या प्रदेशात दुचाकीस्वारांकडून सर्वाधिक हानी होते ती रस्ता सोडून उतारांवर गाडी घालण्याने. बाहेरच्याला ओसाड वाटणारी जमीन गावकऱ्यांचे आणि वन्यप्राण्यांचे चराऊ रान असते. वर्षातील मोजके महिने वाढणारे तेथील गवत एकदा चाकाखाली उखडले की ते पुन्हा रुजायला वर्षे जातात. चाकोरीत पाणी वाहून माती जाते ती वेगळीच. छायाचित्रासाठी घेतलेल्या अर्ध्या मिनिटाच्या फेरीचा ओरखडा पुढच्या पाहुण्यांनाही दिसतो. फटाक्यासारखा आवाज काढणारे सायलेन्सर आणि लांग्झा गावाच्या परिसरातून खिशात घातले जाणारे सागरी जीवाश्म, ही आणखी दोन उदाहरणे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या टेथिस समुद्राची ही खूण दिवाणखान्यातील कपाटात शोभेची वस्तू म्हणून बसवण्यात काही भूषण नाही.

लांग्झा, हिक्किम, कॉमिक आणि किब्बर ही गावे काझाच्या वर, ४,२०० ते ४,६०० मीटरच्या दरम्यान आहेत. हिक्किमच्या टपाल कार्यालयातून घरी पत्र पाठवण्याची हौस सगळ्यांना असते. ती दिवसा भागवावी आणि मुक्कामाला काझालाच उतरावे.

कोणी मागे फिरायचे?

काझातील दुसऱ्या दिवशी कोणाची प्रकृती बिघडली तर? स्पितीची भौगोलिक रचना येथे महत्त्वाची ठरते. मनालीकडे गेल्यास ‘मोठ्या शहराला’ लवकर पोहोचू, असे वाटते. परंतु मनालीकडे जाताना आधी ४,५५१ मीटरची कुंझुम चढावी लागते. म्हणजे आजारी माणसाला आणखी साडेआठशे मीटर वर नेणे, तेही सर्वांत खराब रस्त्याने. त्याऐवजी ताबोच्या दिशेने निघाल्यास रस्ता पहिल्या किलोमीटरपासून उतरणीचा आहे. काझात सरकारी रुग्णालय आहे. तेथे दाखवून, डॉक्टरांनी उतरण्याचा सल्ला दिल्यास तोंड ताबोकडेच वळवायला हवे. मनालीकडून आलेल्यांनाही हाच नियम लागू, मग हॉटेलचे पैसे तिकडे अडकलेले का असेनात.

कुटुंबाच्या सहलीत आजार लपवला जातो, ही खरी अडचण आहे. ‘आपल्यामुळे सगळ्यांची सहल बिघडायला नको’ या भावनेने सासूबाई गप्प राहतात, मागे बसलेली पत्नी गप्प राहते. सगळ्यांत अनुभवी म्हणून मिरवलेला मित्र तर हमखास गप्प राहतो. म्हणूनच कोणी आजारी पडल्यास त्याच्यासोबत कोण परत फिरणार, त्याची मोटारसायकल कोण चालवणार आणि उरलेल्यांनी पुढे जायचे की थांबायचे, हे घरून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. आधी ठरलेल्या गोष्टीचा कोणावर उपकार होत नाही आणि कोणाला अपराधीही वाटत नाही. रोज सकाळी नाश्त्याला प्रत्येकाने झोप, डोके आणि भूक या तीन गोष्टींबद्दल खरे सांगायचे, असा रिवाज काही गट पाळतात. तो सर्वांनी उचलावा असा आहे.

रस्त्यावरची शिस्तही याच धर्तीची. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला, सर्वांत शेवटी दुरुस्तीचे सामान बाळगणारा आणि त्याच्यामागे मोटार. मधल्या प्रत्येकाने आरशात मागची गाडी दिसते की नाही एवढे पाहायचे. दिसेनाशी झाली तर थांबायचे. फाटा आला तर मागच्याला दिसेपर्यंत तेथून हलायचे नाही. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. मागे बसणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. चालवणाऱ्याच्या अंगात कामाची ऊब असते, मागच्याला नुसता वारा खात बसावे लागते आणि थंडी आधी त्याला वाजते.

कुंझुमपलीकडे बातलपासून ग्राम्फूपर्यंतचा सुमारे पन्नास किलोमीटरचा टप्पा दगडगोट्यांचा आहे आणि हिमनद्यांतून येणारे नाले रस्त्यावरूनच वाहतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी गुडघ्याला लागते, कारण ऊन चढेल तसा वरचा बर्फ वितळतो. त्यामुळे बातलहून किंवा लोसरहून उजाडताच निघणे श्रेयस्कर. नाल्यात मागच्या व्यक्तीने उतरून चालत पलीकडे जायचे, गाडी पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने काढायची आणि मध्ये थांबायचे नाही. चालणाऱ्याचे बूट बर्फाळ पाण्याने भिजणार हे नक्की. कोरड्या मोज्यांचा जोड सामानाच्या तळाशी न ठेवता वरच्या खणात ठेवला, तर पुढचे तीन तास सुसह्य होतात. चंद्रतालला वाहने तळ्यापासून काही अंतरावरच थांबवावी लागतात आणि तंबूंना काठावर परवानगी नाही. २००५ मध्ये रामसर करारान्वये संरक्षण मिळालेले हे तळे फार मोठे नाही, त्याच्या काठाने सावकाश फेरी मारता येते. किन्नौरमार्गे आलेल्यांना एव्हाना उंचीची सवय झालेली असते, म्हणून येथील मुक्काम त्यांना मानवतो. मनालीहून आलेल्यांना तोच मुक्काम पहिल्याच रात्री पडतो.

ग्राम्फूहून बोगदा गाठून मनालीला उतरले की फेरीचा अवघड भाग सरतो. बहुतेकजण येथून घरची वाट धरतात. दोन दिवस हाताशी असतील तर मंडीच्या रस्त्यावर औटपासून बंजारकडे वळून तीर्थन खोरे गाठता येते. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान १९९९ मध्ये अधिकृतपणे घोषित झाले आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ७५४ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात वाहनांचा रस्ता नाही. उद्यान झाल्यावर मेंढपाळीचे आणि वनौषधी गोळा करण्याचे हक्क गेल्याने सीमेवरील गावकऱ्यांनी बरीच झीज सोसली. त्यांच्यापैकी अनेकजण आता वाटाडे, हमाल आणि घरगुती निवासांचे चालक आहेत. साई रोपा येथील वन कार्यालयातून परवाना मिळतो. मोटारसायकली गुशैणीत लावून, नदीकाठच्या पायवाटेने आठ-दहा किलोमीटर चालत गेल्यावर रोल्ला येथे उद्यानाची हद्द लागते. स्थानिक लोक ज्याला जुजुराणा म्हणतात तो दुर्मिळ पश्चिमी ट्रॅगोपान पक्षी याच रानात राहतो. एव्हाना उंची दोन हजार मीटरच्या आसपास आलेली असते, आई-वडिलांना भूक लागते आणि मुले नदीत दगड टाकत बसतात.